ग्रंथाची पोथी होऊ देऊ नका

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या विहारांत संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आमच्या इगतपुरी तालुक्यात हे दिवस मुसळधार पावसाचे आणि भाताच्या आवणीचे. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली माय संध्याकाळी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन विहारात येते, त्रिसरण-पंचशील घेते आणि तासभर ग्रंथ ऐकते. ज्यांच्या आजा-पणज्यांना अक्षराला शिवण्याची बंदी होती, त्यांनी भर पावसात एका ग्रंथासाठी एकत्र यावे ही धम्मक्रांतीची केवढी मोठी कमाई! सरकारच्या कोणत्याही वाचन योजनेला हे साधलेले नाही.

पण आता एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. ग्रंथ वाचून झाल्यावर आपण काय करतो? एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. सरणत्तय होते आणि सगळे घरी जातात. समारोपाच्या दिवशी ग्रंथाला हार, वाचन करणाऱ्याला शाल, पाहुण्यांची भाषणे, खीर आणि भोजनदान. तीन महिन्यांत एकही माणूस उभा राहून म्हणत नाही की, मला अमुक भाग पटला, तमुक भाग समजला नाही, किंवा हे वाचून माझ्या मनात ही शंका आली. मग श्रावणात घरोघर चालणाऱ्या पोथीच्या पारायणात आणि आपल्या वाचनात फरक काय राहिला? पोथी वाचणाऱ्यालाही अर्थ विचारायची मुभा नसते. ऐकले की पुण्य लागते एवढेच त्याला ठाऊक असते. ‘वाचले की पुण्य’ हा भाव आपल्या विहारात शिरला, तर बाविशीच्या बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत जाऊन आपण पुन्हा उंबऱ्याबाहेर आलो असे समजावे.

अशाच एका वाचनाला मी हजर होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट त्या एका गावाची नाही. गृहत्यागाचा भाग वाचून झाला. कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, “शाळेच्या पुस्तकात तर सिद्धार्थ रात्री सगळे झोपेत असताना निघून गेला असे होते. इथे तर तो आई-वडिलांशी बोलून, यशोधरेचा निरोप घेऊन जातो. खरे कोणते?” विहार कमिटीच्या एका ज्येष्ठांनी तिला खाली बसवले. “ग्रंथावर शंका घ्यायची नसते,” असे ते म्हणाले. त्या मुलीने जे हेरले, नेमके तेच लोकांनी हेरावे म्हणून बाबासाहेबांनी तो भाग तसा लिहिला आहे. सभेत त्या दिवशी ग्रंथ खऱ्या अर्थाने वाचला होता तो तिने एकटीने, आणि गप्प बसवले गेले तेही तिलाच.

बाबासाहेबांनी प्रश्न पुढे केले होते

ज्या ग्रंथावर शंका घ्यायची नसते असे आपण म्हणतो, त्याची सुरुवातच प्रश्नांनी झाली आहे. प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले. म्हातारा, आजारी आणि मृत माणूस पाहून एकोणतीस वर्षांच्या तरुणाने घर सोडले हे बुद्धीला पटते का? चार आर्यसत्ये ही मूळ शिकवणीचा भाग आहेत का? आत्मा नाकारणाऱ्या धम्मात कर्म आणि पुनर्जन्म कसे बसतात? आणि भिक्खू कशासाठी, स्वतः पूर्ण मनुष्य होण्यासाठी की लोकांची सेवा करण्यासाठी? हे प्रश्न वाचकांनी विचारात घ्यावेत, त्यांच्या उकलीत भर घालावी अशी अपेक्षा त्यांनी तिथेच व्यक्त केली आहे. ग्रंथ छापण्यापूर्वी १९५१ च्या सुमारास त्यांनी ‘दि बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ या नावाने मोजक्या प्रती छापून खाजगीरीत्या वाचायला दिल्या होत्या. पुढची पाच वर्षे, प्रकृती ढासळत असताना, ते या लेखनावर काम करत राहिले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. ज्याने शेवटच्या दिवसापर्यंत आपला मजकूर अंतिम मानला नाही, त्याच्या ग्रंथाला आपण हात जोडून बंद करून ठेवायचे?

दुसरे उदाहरण ‘जातिभेद निर्मूलना’चे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बोलावलेले आणि नंतर रद्द केलेले ते भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत त्या संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली; किंमत दोन किंवा फार तर चार आणे ठेवायला हवी होती असेही सुचवले. १९३७ साली दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींची टीका पुस्तकातच छापली आणि तिच्या पाठोपाठ आपले उत्तर छापले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आधी नोंदवायचे आणि मग त्याचा एक-एक मुद्दा घेऊन खंडन करायचे, ही बॅरिस्टरची शिस्त होती. आज आपल्यातले किती वक्ते गांधीजींचा तो लेख वाचून मग गांधीजींवर बोलतात?

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथावर १९५९ साली ‘महाबोधी’ या बौद्ध मासिकात फार कडक टीका झाली होती. आपल्या विहारांत त्याचा उल्लेखही होत नाही. ज्याला विरोधकाचा मुद्दा माहीत नाही त्याला आपल्या बाजूची ताकदही माहीत नसते. कोर्टात असा वकील पहिल्याच तारखेला उघडा पडतो.

रोहिणीचे पाणी, दारणेचे पाणी

ग्रंथावर मत मांडायचे म्हणजे मोठी विद्वत्ता लागते असा गैरसमज आहे. इगतपुरी तालुक्यातल्या माणसाला पहिल्या खंडावर बोलायला त्याचे स्वतःचे आयुष्य पुरेसे आहे.

बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण दिले आहे ते पाण्याचे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला. अठ्ठावीस वर्षांच्या सिद्धार्थाने विरोध केला आणि तोडगा सुचवला: दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी निकाल द्यावा. बहुमत त्याच्या विरोधात गेले. सैन्यात जायला त्याने नकार दिला. त्याबद्दल त्याच्या कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून त्याने स्वतःहून परिव्रज्या पत्करली. धर्मानंद कोसंबींनीही १९४०-४१ च्या आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात सुत्तनिपाताच्या आधारे शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे लक्ष वेधले होते. कोसंबी आणि बाबासाहेब यांची मांडणी कुठे जुळते आणि कुठे वेगळी होते, हा दोन पौर्णिमा पुरेल एवढा चर्चेचा विषय आहे.

माझे मत विचाराल तर हा भाग मला गृहत्यागाच्या कथेपेक्षा लवादाच्या मसुद्यासारखा वाटतो. लवाद आणि समेटाचा आपला कायदा १९९६ चा. त्यातही दोन्ही पक्षांनी आपापला लवाद नेमावा आणि त्यांनी मिळून अध्यक्ष निवडावा ही पद्धत आहे. तोच विचार इथे एका तरुणाच्या तोंडी आहे आणि त्यासाठी तो घरदार सोडतो.

आता आपला तालुका पाहा. दारणा, मुकणे, भावली, अप्पर वैतरणा अशी धरणे आपल्या उशाला. दारणा तर १९१६ चे, शंभरी ओलांडलेले. वैतरणेचे पाणी मुंबईला, दारणेचे पाणी खाली गोदावरीच्या कालव्यांना. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले आणि जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि धरणांच्या या तालुक्यात एप्रिल-मे महिन्यात वाड्या-पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन पाणी शोधतात. ज्या मायने उभे आयुष्य पाणी वाहिले तिला रोहिणीच्या पाण्यावर मत नसेल? तिला कोणी विचारलेलेच नाही, एवढेच.

धम्मगिरीच्या पायथ्याशी

इगतपुरीचे नाव आज जगभर गेले आहे ते धम्मगिरीमुळे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इथे विपश्यना केंद्र सुरू झाले. १९८५ साली विपश्यना विशोधन विन्यास स्थापन झाला आणि रंगूनच्या छट्ठ संगायनावर आधारलेले त्रिपिटक, अट्ठकथा आणि टीकांसह, १४० खंडांत देवनागरीत प्रसिद्ध झाले. हे मोठे काम आहे, ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ते संगायन १९५४ ते १९५६ या काळात झाले. याच काळात, डिसेंबर १९५४ मध्ये, बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते.

आपल्या समाजातले अनेक जण दहा दिवसांच्या शिबिराला जातात. शिबिरात वाचन आणि लेखन दोन्ही बंद असते, मौन पाळायचे असते. तो तिथला नियम आहे आणि साधनेपुरता तो ठीक. अडचण होते ती घरी परतल्यावर. मौन सुटते, पण वाचन सुटलेलेच राहते. काही जण म्हणू लागतात, “आता पुस्तकांची गरज नाही, अनुभव झाला.” दुसरीकडे आपल्यातलेच काही कार्यकर्ते शिबिराला जाणाऱ्याला थेट चळवळीचा गद्दार ठरवतात, आणि त्यांनीही गोयंकांचे एखादे पुस्तक उघडलेले नसते.

या वादात माझे मत स्पष्ट आहे. श्वासाकडे पाहून माणसाचा राग कमी झाला, दारू सुटली, घरात शांतता आली, तर त्याचे स्वागत आहे. पण गावकुसाबाहेरची वस्ती, नाकारलेली स्मशानाची वाट, रखडलेला अॅट्रॉसिटीचा खटला हे माझ्या संवेदनांतून निर्माण झालेले दुःख नव्हे. ते दुसऱ्याने लादलेले आहे आणि त्याचा निरोध कायद्याने व संघर्षानेच होतो. भिक्खू कशासाठी, हा बाबासाहेबांचा चौथा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. ज्याला माझे मत पटत नाही त्याने जरूर विरोध करावा. अट एकच: दोन्हीकडची पुस्तके वाचून यावे. ज्या गावात त्रिपिटक देवनागरीत सिद्ध झाले त्या गावात ‘त्रिपिटक काय सांगते आणि बाबासाहेब काय सांगतात’ यावर महिन्याला एक बैठक होऊ नये, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आत्मकथने आणि घरातले सत्य

आजच्या तरुण-तरुणींची एक तक्रार कानावर येते. “आत्मकथनांत तेच ते दुःख, किती वाचायचे?” ही तक्रार दडपू नये, तिच्यावर बोलावे. दया पवार हे आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. डोंगरापलीकडच्या या माणसाने जे लिहिले त्यातले आपल्या गावात काय उरले, काय गेले आणि कशाने फक्त रूप बदलले, असे विचारत वाचले की तेच पुस्तक आजचे होते. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाला १९६३ पासून साठ वर्षे उलटून गेली. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव चोरणाऱ्या आपल्या पोरांनी तो वाचून सांगावे की ही कथा जुनी झाली का.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘बलुतं’मधल्या स्त्रिया आपल्याला दिसतात त्या पुरुषाच्या नजरेतून. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि समाजातल्या पुरुषांनी बायकांवर केलेला जुलूम घरातल्या बाईच्या तोंडून बाहेर आला. हे लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकात चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले, आणि २००३ साली उर्मिलाताईंचे ‘आयदान’ आले. ही पुस्तके सुनेने वाचली आणि सासऱ्याने वाचलीच नाहीत तर काय उपयोग? विहारात वाचायला पुरुष, ऐकायला बाया आणि भोजनदानाला पुन्हा बायाच, ही वाटणी आपण बुद्धाकडून शिकलो की मनूकडून?

खंड कोणता, पान कोणते?

बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड सरकारने १९७९ साली काढला. वसंत मून यांनी त्यासाठी किती कष्ट घेतले हे चळवळ जाणते. १९८७ साली चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून वादळ उठले. तो मजकूर गाळला जाऊ नये म्हणून १९८८ साली मुंबईत आपले लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरले आणि ग्रंथ वाचवला. ही आपली अभिमानाची लढाई. पण मी जिथे जातो तिथे विचारतो की ‘रिडल्स’ कोणी पूर्ण वाचले आहे, आणि हात मोजकेच वर होतात. ज्या ग्रंथासाठी लाठी खायची तयारी होती, त्यासाठी चार रविवार काढायची तयारी का नसावी?

खंड मिळत नाहीत हेही खरे आहे. नऊ लाख प्रतींचा निर्णय होऊन छापल्या गेल्या जेमतेम तेहतीस हजार, अशा बातमीची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरकारला याचा जाब विचारत राहिलेच पाहिजे. पण आता खंड मोबाईलवरही उतरवून घेता येतात. त्याच मोबाईलवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावाने वाक्ये येतात, आणि त्यातली कित्येक त्यांनी कधी उच्चारलेलीच नाहीत. आपणही ती पुढे पाठवतो. उद्या एखादा मनुवादी बाबासाहेबांच्या तोंडी खोटे वाक्य घालून आपल्यालाच विकेल, तेव्हा ते ओळखणार कसे? उपाय एकच. वाक्य आले की विचारायचे: खंड कोणता, पान कोणते? पुराव्याशिवाय विधान मान्य करायचे नाही. कालामांना भगवंताने हेच सांगितले होते: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका.

काय करता येईल?

याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. विहार आहे, पौर्णिमा आहे, माणसे आहेत. वाचनाच्या तासातली वीस मिनिटे मतांसाठी राखून ठेवा. बोलणाऱ्याने तीनच गोष्टी सांगाव्यात: मी काय वाचले, त्यात लेखक काय म्हणतो आणि मला काय वाटते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात खंड, भाग आणि परिच्छेदांचे क्रमांक आहेत, कायद्याच्या कलमांसारखे. क्रमांक सांगून बोला, म्हणजे वाद भरकटत नाही. पहिले बोलणे बाईचे किंवा विद्यार्थ्याचे असावे. अध्यक्ष, वकील आणि मास्तर यांनी शेवटी बोलावे, आणि हा नियम माझ्यासारख्यांना आधी लावावा. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकलेल्यावर बोलू द्यावे. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांच्या जलशांनी निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला होता. तो ऐकून माणसे वाद घालत, हसत आणि दुसऱ्या दिवशी मेलेले ढोर ओढायला नकार देत. आणि एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी कोणते पुस्तक, कोण काय बोलले आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर बाकी राहिले, हे तिच्यात लिहावे. दहा वर्षांनी ती वहीच त्या वस्तीचा इतिहास होईल.

कोणी म्हणेल, अशाने वाद वाढतील, समाजात फूट पडेल. फूट पडते ती न वाचता बोलल्याने आणि पुढाऱ्याच्या मागे डोळे मिटून गेल्याने. गटातटांची आपली भांडणे पुस्तकांवरून झाली असती तर आपण आज शहाणे तरी झालो असतो!

बुद्धवचन पाचशे भिक्खूंनी राजगृहाच्या पहिल्या संगीतीत एकत्र बसून, प्रश्न विचारून आणि उत्तरे पडताळून निश्चित केले. संगायन या शब्दाचा अर्थच एकत्र म्हणणे. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या ही रीत आपली कधीच नव्हती. तेव्हा येत्या पौर्णिमेला विहारात जाताना ग्रंथासाठी हार नेला नाही तरी चालेल. त्यातल्या एका पानावरचा एक प्रश्न घेऊन जा, आणि तो उभे राहून मोठ्याने विचारा. त्या मुलीसारखे कोणी तुमच्या आधी उठले, तर तिला खाली बसवू देऊ नका.